चेन का उतरते? एका चेनव्हीलच्या सायकलीची तपासणी

डोंगराळ वाटेवर चालणाऱ्या गिअरच्या सायकलींना पूर्वी पुढे दोन किंवा तीन चेनव्हील असत. आता बहुतेक नव्या सायकलींना एकच असते. अमेरिकेच्या स्रॅम कंपनीने २०१२ साली पुढे १ आणि मागे ११ अशी जोडणी बाजारात आणली आणि पुढे तोच रिवाज पडला. एक केबल आणि एक खटका कमी झाला, पण एक तक्रार मात्र दुकानात येत राहते : चेन उतरते. चढावर उभे राहून पॅडल मारताना चेन निसटली तर चालवणारा तोंडावर पडतो. म्हणून कारागिराने ही तक्रार किरकोळ समजू नये.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. मागावर ताण्याचे सूत ढिले पडले की कापड बिघडते, हे आम्ही जाणतो. चेनचाही मामला असाच आहे. ती दोन गोष्टींवर टिकते : मागच्या डिरेलरचा ताण आणि पुढच्या दात्यांची पकड. खड्ड्यात डिरेलर पुढे झुलला की चेन ढिली पडून उसळते. पूर्वी पुढच्या डिरेलरचा पिंजरा तिला थोडीफार अडवत असे. आता तो नाही.

तपासणी बिनखर्चाच्या गोष्टीपासून सुरू करावी. शिमानोच्या अनेक डिरेलरांत झुलणे रोखणारा क्लच असतो आणि तो चालू-बंद करण्याची छोटी कळ बाहेर दिसते. चाक काढताना ती बंद करतात आणि नंतर चालू करायचे राहून जाते. अशा वेळी कळ फिरवली की काम झाले.

त्यानंतर चेनची लांबी पाहावी. चेन डिरेलरमधून न ओवता पुढच्या चेनव्हीलवर व मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर फिरवावी आणि कंपनीने सांगितल्या तेवढ्याच कड्या जास्त ठेवाव्यात. मागे सस्पेन्शन असेल तर चेनला सर्वांत जास्त लांबी लागते त्या स्थितीत माप घ्यावे. ताण हवा म्हणून वाटेल तशा कड्या काढू नयेत. चेन आखूड झाली तर मोठ्या गिअरवर डिरेलरच मोडतो.

तिसरी गोष्ट दात्यांची. एका चेनव्हीलच्या दात्यांत एक जाड, एक बारीक अशी रचना असते. जाड दाता चेनच्या रुंद कडीत आणि बारीक दाता अरुंद कडीत बसला पाहिजे. उलटे बसवले तर चेन दात्यांच्या माथ्यावर चढते. काही जण पैसे वाचवण्यासाठी जुन्या तीन चेनव्हीलांतले मधले एकटेच लावतात. पण त्याचे दाते चेन सहज सुटावी, गिअर बदलावा, अशाच बेताने घडवलेले असतात. ते चेन धरून कसे ठेवतील? दाते झिजून आकड्यासारखे वाकले असतील तर चेनव्हील बदलणेच बरे.

झीज मोजायला १२ इंची पोलादी पट्टी पुरते. चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. पट्टीचे शून्य एका पिनेच्या मध्यावर धरावे. चोविसावी पिन १२ इंचांच्या पुढे एक षोडशांश इंच सरकली असेल तर चेन बदलावी. जुनी चेन नव्या चेनव्हीललाही खाते.

शेवटी मागून पाहावे. चेनव्हील कॅसेटच्या साधारण मध्यासमोर आहे का, हँगर वाकला आहे का, चेनव्हीलचे बोल्ट ढिले आहेत का? एवढे करूनही खडकाळ उतारावर चेन उतरत असेल तर वरून चेन गाईड लावावा. तो पहिला इलाज समजू नये.

कापड गिऱ्हाईकासमोर मोजून दिले की त्याची खात्री पटते. कारागिरानेही पट्टी गिऱ्हाईकासमोर लावावी, झीज दाखवावी आणि मगच नवा माल सांगावा. नुसती कळ फिरवून काम झाले असेल तर तेही मोकळेपणाने सांगावे. असे गिऱ्हाईक पुढच्या खरेदीला दुसरे दुकान शोधत नाही.