काळोखाच्या जागी लाल

सिनेमातला प्रसंग संपला की पडदा हळूहळू काळा होतो. का होतो, हे आपण कधी विचारलंय? शंभर वर्षांची सवय आहे, एवढंच. पण १९७२ सालचा एक स्वीडिश सिनेमा आहे, ज्यात प्रसंग संपला की पडदा लाल होतो. गडद, भरीव लाल. पहिल्यांदा वाटतं, प्रिंटमध्येच काहीतरी बिघाड असणार. तो पुन्हा होतो, पुन्हा होतो, आणि मग लक्षात येतं की या दिग्दर्शकाने काळोखाचा रंगच बदलून टाकलाय!

दिग्दर्शक इंगमार बर्गमन. सिनेमा इंग्रजीत ‘क्राइज अँड व्हिस्पर्स’ या नावाने ओळखला जातो. गोष्ट चार ओळींची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा एक श्रीमंत वाडा. तीन बहिणींपैकी अ‍ॅग्नेस अंथरुणाला खिळलेली, शेवटच्या दिवसांत. कारीन आणि मारिया या सख्ख्या बहिणी तिच्या उशाशी बसायला आल्यात, पण दोघींचं एकमेकींशी पटत नाही आणि अ‍ॅग्नेसशीही नातं उरलेलं नाही. चौथी आना, घरातली मोलकरीण, जिची स्वतःची लहान मुलगी वारलेली आहे. दीड तासात अ‍ॅग्नेस जाते. बस्स.

एवढ्याशा गोष्टीत बघण्यासारखं काय आहे? भिंती! भिंती लाल, पडदे लाल, गालिचे लाल. बर्गमनने सांगून ठेवलंय की आधी गोष्ट सुचलीच नव्हती. एक दृश्य डोक्यात घर करून बसलं होतं: लाल खोली आणि तिच्यात पांढऱ्या कपड्यांतल्या, आपसांत कुजबुजणाऱ्या बायका. या कोण, काय बोलतायत, त्यालाही ठाऊक नव्हतं. ते दृश्य हटेना, तेव्हा त्याने त्यांना नावं दिली, नाती दिली. आणि लालच का? तर लहानपणापासून तो माणसाच्या आत्म्याची आतली बाजू अशीच कल्पीत आला होता, लाल छटांचा एक ओलसर पापुद्रा. म्हणजे वाडा हा वाडा नाहीच, आपण कोणाच्या तरी आत बसलोय!

कल्पना कागदावर सोपी असते. ती कॅमेऱ्यात उतरवायची जबाबदारी छायाचित्रकार स्वेन निक्विस्टवर आली, आणि लाल हा महाखट रंग आहे. लग्नाच्या मांडवाला लाल कापड लावलेलं असतं, दुपारचं ऊन त्यातून गाळून खाली येतं. त्यात बसलेल्या आजोबांचं धोतर आपल्याला पांढरंच दिसतं. पण फोटो बघितला की आजोबा, धोतर, पंगतीतला भात, सगळं टोमॅटोच्या रंगाचं! आपला मेंदू लबाड असतो, तो गुपचूप लाल वजा करून टाकतो. फिल्मला मेंदू नसतो, ती जे पडेल ते टिपते. लाल भिंतही तेच करते. तिच्यावर पांढरा उजेड पडला की निळा-हिरवा भाग ती पिऊन टाकते आणि लाल तेवढा खोलीत परत फेकते. तो गालांवर पडतो, पांढऱ्या झग्यांवर पडतो. चार बायका बऱ्याचदा पांढऱ्यात आणि चारही बाजूंना लाल, म्हणजे निक्विस्टसाठी परीक्षाच. म्हणून प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या आधी बर्गमन आणि निक्विस्ट या दोघांनी भिंतीचे रंग, कपडे, चेहऱ्यावरचा रंग, सगळ्याच्या चाचण्या फिल्मवर घेऊन पाहिल्या. डोळ्यांना एकसारखे वाटणारे दोन लाल फिल्मवर सवतीसारखे वागू शकतात.

त्यात आणखी एक गोम. सांजावलं की बागेतली लाल फुलं सगळ्यांत आधी काळी पडतात, पानं मात्र बराच वेळ हिरवट-राखाडी दिसत राहतात. एकोणिसाव्या शतकात यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाच्या हे ध्यानात आलं. कमी उजेडात आपल्या डोळ्यांतल्या ज्या पेशी कामाला लागतात, त्यांना लाल जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे अंधुक लाल खोलीत छायाचित्रकाराचा डोळा एक सांगतो आणि फिल्म दुसरंच टिपते. अशा वेळी विश्वास ठेवायचा कोणावर? चाचणीवर आणि अनुभवावर. निक्विस्ट तर कृत्रिम दिव्यांपेक्षा खिडकीतून येणाऱ्या उजेडावर जीव टाकणारा. तोही उत्तरेकडचा, शरदातला, तिरका आणि क्षणाक्षणाला बदलणारा.

त्यांना वाडा मिळाला तो स्टॉकहोमच्या पश्चिमेला, मेलारन तलावाकाठी, टाक्सिंगे-नेस्बी नावाचा. आतून त्याची इतकी दुरवस्था झालेली होती की भिंतींना हवा तो रंग फासा, कोणी विचारणार नव्हतं. आज लोक तिथे केक खायला जातात. स्वीडनमध्ये तो केकसाठीच प्रसिद्ध आहे आणि केकचा वाडा म्हणूनच ओळखला जातो. हा सिनेमा बघितलेला माणूस तिथे बसून क्रीमचा तुकडा कसा गिळत असेल, देव जाणे.

लालमधून बर्गमन आपल्याला थेट चेहऱ्यांकडे नेतो. एकेका बाईची आठवण सुरू होण्याआधी तिचा चेहरा पडदाभर येतो, अर्धा उजेडात, अर्धा अंधारात, नजर थेट आपल्यावर. मागे अस्पष्ट कुजबुज. मग लाल. आठवण संपली की पुन्हा तोच अर्धा चेहरा, पुन्हा लाल.

आता एक गंमत पाहा. अ‍ॅग्नेसला आपली मेलेली आई आठवते. सुंदर, दूरदूरची, आणि जिचा ओढा मारियाकडे होता ती आई. ही भूमिका कोणी केलीय? लिव्ह उलमानने. आणि मारियाची? तीही लिव्ह उलमाननेच! एका नटीला दोन भूमिका दिल्या आणि या घराचं अर्धं भांडण एकही संवाद न खर्चता सांगून टाकलं. अ‍ॅग्नेसच्या उशाशी जी बहीण बसलीय, तिला आईचा चेहरा मिळालाय. आईची माया मात्र नाही.

अ‍ॅग्नेस झालेली हॅरिएट अँडरसन. तिच्या मरणाविषयी फार लिहिणार नाही, ते बघायचं असतं. श्वास घशात अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो, आणि आपण नकळत आपलाही रोखून धरतो.

या सिनेमातला माझा सगळ्यात आवडता चमत्कार त्यानंतरचा आहे. कारीनला कोणाचा हात लागलेला सहन होत नाही. इंग्रिड थुलिनने ही कारीन अशी उभी केलीय की तिच्या झग्याची बटणंसुद्धा कडीकुलपांसारखी वाटतात. मारिया तिच्याशी जवळीक करू पाहते, कारीन किंचाळते, झिडकारते. आणि मग अचानक बांध फुटतो. दोघी एकमेकींचे गाल कुरवाळत, हात धरून बोलू लागतात. भराभर, वर्षानुवर्षांचं साचलेलं. आणि नेमक्या याच जागी बर्गमन आवाज काढून घेतो! ओठ हलतायत, शब्द ऐकू येत नाहीत. ऐकू येतो फक्त चेलो. संगीतकार बाखच्या चेलोच्या पाचव्या सुइटमधली साराबांद ही संथ रचना. या रचनेची खासियत अशी की तिच्यात दोन सूर एकत्र कधी वाजतच नाहीत. एका वेळी एकच स्वर, एकच रेघ. चेलोच्या इतर रचनांत बाख मधूनमधून दोन-तीन तारा एकदम छेडतो, इथे एकदाही नाही. दोन बहिणी आयुष्यात पहिल्यांदा एकमेकींशी बोलतायत आणि त्यांच्यासाठी संगीत मात्र एकाकी! त्या क्षणी ही निवड खटकत नाही. अंत्यविधी उरकल्यावर खटकते. कारीन त्या स्पर्शाची आठवण काढते, आणि मारिया अगदी गोड आवाजात झटकून टाकते. बाखने आधीच सांगितलं होतं की!

मधे आणखी एक विलक्षण गोष्ट घडते. मेलेली अ‍ॅग्नेस हाक मारते. स्वप्न, भास, की खरंच? बर्गमन उत्तर देत नाही. ती बहिणींना जवळ बोलावते. एक तिरस्काराने निघून जाते, दुसरी भेदरून पळते. राहते आना. ती पलंगावर चढते आणि प्रेताला मांडीवर घेऊन बसते, मायकेलअँजेलोच्या ‘पिएता’मधल्या मेरीने येशूला घेतलंय तसं. रक्ताची नाती पळाली आणि पगारी बाई थांबली, हे आपल्या मराठी नाटकांनीही कैक वेळा दाखवलंय. इथे फरक असा, की कोणी त्यावर भाषण करत नाही.

आणि हे सगळं उभं राहिलं कोणाच्या पैशावर? बर्गमनच्या आधीच्या इंग्रजी सिनेमाने साफ मार खाल्लेला. मग त्याने स्वतःची पुंजी ओतली, काही नट्यांनी आणि निक्विस्टने मेहनताना रोख न घेता भागीदारी घेतली, स्वीडिश फिल्म संस्थेने हातभार लावला. सिनेमा तयार झाला, तर अमेरिकेतले बडे वितरक हात लावेनात. घेतला कोणी? रॉजर कॉर्मनने! मोटारसायकलवाल्या टोळ्या, राक्षसी खेकडे, तुरुंगातल्या बायका असले स्वस्तातले चित्रपट झटपट काढणारा हा गडी. त्याने तो डिसेंबर १९७२ मध्ये न्यूयॉर्कला लावला, आणि पुढे चक्क गाडीत बसून बघायच्या उघड्या थिएटरांतही नेला. १९७४ च्या ऑस्करला सिनेमाला पाच नामांकनं मिळाली, त्यात सर्वोत्तम चित्रपटाचंही. तो मान ‘द स्टिंग’ने नेला. पण छायाचित्रणाच्या स्पर्धेत ‘द स्टिंग’ही होता आणि ‘दि एक्झॉर्सिस्ट’ही, आणि तिथे बाहुली घेऊन गेला निक्विस्ट, मोडक्या वाड्यातल्या खिडकीच्या उजेडावर.