कर्नलपासूनही लपवलेली मेमरी

अँड्रॉइड फोनमधली जवळजवळ सगळी मेमरी लिनक्स कर्नल वाचू शकतो. म्हणजे कर्नलच हॅक झाला, तर सगळंच उघड्यावर. मग गुपितं ठेवायची कुठे? एक जागा म्हणजे व्हर्च्युअल मशीन, फोनच्या आत चालणारा दुसरा छोटा संगणक. पण नेहमीच्या केव्हीएममध्ये त्याचीही मेमरी कर्नलला दिसते.

म्हणून 2022 मध्ये अँड्रॉइड 13 सोबत पीकेव्हीएम आलं. ज्या फोनमध्ये ही सोय आहे, तिथे सुरुवातीलाच कर्नल एक छोटा हायपरवायझर प्रोसेसरच्या वरच्या पातळीवर बसवतो आणि स्वतः एक पायरी खाली उतरतो. मग मेमरीचं कुठलं पान कोणाचं, याचा हिशोब हायपरवायझरकडे. मशीनला दिलेलं पान कर्नलच्या नकाशातून काढलं जातं. कर्नल वाचायला गेला, तर प्रोसेसरच अडवतो. मशीन बंद झाल्यावर पान पुसूनच परत मिळतं.

मशीन चालू-बंद करणं मात्र अजून कर्नलच्याच हातात आहे. सोसायटीचा वॉचमन गेट अडवू शकतो, पण तुमच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे नसते. माझ्या मते खरी सुरक्षा हीच: राखणदार फितूर झाला तरी कपाट बंदच.