जुनी पिकअप घ्यायची, तर आधी काय बघायचं आणि घरी काय करायचं?

मैत्रिणींनो, भाजी, दूध, पापड-मसाले, रोपं, शेळ्या, काहीही विकायचं म्हटलं की गाडीभाडं आडवं येतं. मग गटाच्या बैठकीत विषय निघतो, "आपलीच एक जुनी गाडी घेऊ, घरीच दुरुस्त करू." विचार चांगला आहे. छोटा हत्ती किंवा पिकअप जुनी असली तरी नीट केली तर चांगलं काम देते. पण पैसा सगळ्यांच्या बचतीचा आहे. म्हणून गाडी बघायला जाण्याआधी हा लेख बैठकीत एकदा मोठ्याने वाचा.

आधी कागद, मग गाडी

गाडी कितीही छान दिसली तरी पहिलं आरसी बुक मागा. चेसिसवर कोरलेला नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळला पाहिजे. आरसीवर बँकेचं किंवा फायनान्सचं नाव असेल, तर कर्ज फिटल्याचं पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. परिवहन विभागाच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून थकलेली ई-चलनं बघा.

मालवाहू गाडीला पासिंग, म्हणजे फिटनेस लागतो. गाडी ८ वर्षांच्या आत असेल तर दर २ वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. १५ वर्षांपुढच्या गाडीची पासिंगची फी बरीच वाढते, तीही हिशोबात धरा. आरसीवर गाडीचं एकूण वजन लिहिलेलं असतं. ते ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही, त्यापुढे लागतं.

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० भरतात. घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. विमासुद्धा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. "नंतर करू" म्हणून राहिलं आणि अपघात झाला, तर निस्तरणं फार जड जातं. गाडी कोणत्या ताईच्या नावावर राहणार, ती गटातून गेली तर काय करायचं, हे आधीच ठरावात लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.

गाडी कशी तपासायची?

मालकाला सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर बोनेटला हात लावा. गरम लागलं तर समजा, गाडी आधी चालू करून ठेवली आहे. थंड इंजिन कसं चालू होतं, त्यावरून बरंच कळतं.

धुराचा रंग बघा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर पाणी आत जात असेल किंवा डिझेल नीट जळत नसेल. काळा धूर बऱ्याचदा चोंदलेल्या एअर फिल्टरमुळे किंवा खराब नोझलमुळे येतो, ते दुरुस्त होतं. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडून बघा. पाण्यावर तेलाचा तवंग असेल, किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. तो मोठा खर्च आहे.

मग गाडीखाली वाकून चेसिस बघा. स्क्रू ड्रायव्हरने ठोका. वरवरचा गंज चालतो. पण पापुद्रे सुटत असतील, टोक आत घुसत असेल, किंवा चेसिसला जागोजागी वेल्डिंगचे ठिगळ असतील, तर ती गाडी सोडा. पत्रा बदलता येतो, पण चेसिस सडली की गाडी संपली. स्प्रिंगचे पाटे तुटलेत का, टायर एकाच बाजूने झिजलेत का, हेही बघा. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी राहिली असेल तर ते टायर बदलायचेच.

ओळखीचा, पण विकणाऱ्याशी संबंध नसलेला मिस्त्री सोबत न्या. त्याची मजुरी द्या, पण न्याच.

कामाचा क्रम

बहुतेक जण आधी रंग काढतात. हे उलटं आहे. आधी ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर, मग इंजिन, मग वायरिंग, मग पत्रा, आणि रंग सगळ्यात शेवटी. पैसे मध्येच संपले तरी रंग नसलेली गाडी बाजाराला जाते. ब्रेक नसलेली जाऊ शकत नाही.

घरी करण्यासारखी कामं अशी:

- गाडी धुऊन हौद्यातली माती काढणं. ओल धरून बसलेल्या मातीखालीच पत्रा सडतो.
- गंज तारेच्या ब्रशने आणि सँडपेपरने घासणं, पुसून कोरडं करणं, त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर मारणं. प्रायमर न मारता रात्रभर ठेवलं तर दवाने पुन्हा गंज चढतो.
- ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर बदलणं.
- ग्रीसिंग करणं, बॅटरीची टोकं साफ करणं.
- सीटची कव्हरं शिवणं. शिवणकाम करणाऱ्या ताई गटात आहेतच!

ब्रेक, स्टिअरिंग, डिझेल पंप, नोझल आणि चेसिसचं वेल्डिंग मात्र घरी करू नका. तिथे चूक झाली तर जीवावर बेततं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून जुन्या गाडीचं ब्रेक ऑइल मिस्त्रीकडून पूर्ण बदलून घ्या. पेडल दाबून धरलं आणि ते हळूहळू खाली जात राहिलं, तर गाडी रस्त्यावर काढू नका.

गाडीचा रंग बदलायचा असेल तर आरटीओत नोंद करावी लागते. आरसीवरचाच रंग ठेवला तर ती दगदग वाचते.

काम करताना सांभाळा

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जाऊ नका. जाड लाकडी ठोकळे किंवा स्टँड लावा, चाकांना दगडाची अडण द्या. साडीचा पदर, ओढणी आणि केस बांधून घ्या, फिरता पट्टा क्षणात ओढून घेतो. वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची मायनसची वायर काढा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. घासताना तोंडाला रुमाल बांधा. काढलेलं ऑइल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या.

हिशोब असा मांडा

समजा, गाडी १,२०,००० रुपयांना मिळाली. मिस्त्रीने दुरुस्ती आणि कागदांचा अंदाज ५०,००० दिला. अंदाजात न आलेल्यासाठी १०,००० बाजूला ठेवा. म्हणजे गाडी १,८०,००० ची झाली.

आता समजा, गट महिन्याला १२,००० रुपये भाडं देतो. स्वतःच्या गाडीला डिझेल, चालक, विमा, पासिंग, देखभाल धरून महिन्याला ७,००० लागले, तर उरले ५,०००. म्हणजे पैसे वसूल व्हायला ३६ महिने, व्याज वेगळंच. आता विचारा, ही गाडी अजून ३ वर्षं पासिंगमध्ये टिकेल का? मिस्त्री "हो" म्हणत असेल तर पुढे जा. नाही तर भाड्याची गाडी बरी. तुमचे आकडे वेगळे असतील, पण मांडणी हीच ठेवा.

आणि एक गोष्ट ठरावातच लिहा. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवायची नाहीत. लग्न असो, यात्रा असो की खुरपणीला जाणं असो. कायद्याने ते चालत नाही, आणि अपघात झाला तर हौद्यात बसलेल्यांची भरपाई विम्यातून मिळणं अवघड होतं. गाडी मालासाठी घेतली, मालासाठीच चालवा.

पुढच्या बैठकीत दोन ताईंवर जबाबदारी द्या. एकीने कागद बघायचे, दुसरीने गाडीची स्वतंत्र वही ठेवायची. किती डिझेल, किती किलोमीटर, काय बदललं, सगळं त्यात तारखेसह. वर्षभराने त्या वहीवरूनच कळेल, की गाडी गटाला पोसतेय, की गट गाडीला.