फंक्शनवरची चिठ्ठी आणि क्वेरीचा वेग

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आपण स्वतःचं फंक्शन लिहितो, तेव्हा त्याच्या स्वभावाची नोंदही करता येते. ‘इम्युटेबल’ म्हणजे त्याच इनपुटला कायम तेच उत्तर, उदाहरणार्थ, बेरीज. ‘स्टेबल’ म्हणजे एक क्वेरी चालू असेपर्यंत उत्तर बदलणार नाही. ‘नाऊ’ हे फंक्शन तसं आहे. ‘व्होलाटाइल’ म्हणजे उत्तर केव्हाही बदलू शकतं, ‘रँडम’ त्यातलं. काहीच लिहिलं नाही, तर पोस्टग्रेस फंक्शन व्होलाटाइल धरतं.

समजा, चालू आर्थिक वर्षाची १ एप्रिल ही तारीख देणारं फंक्शन आहे आणि त्या तारखेपासूनची बिलं हवी आहेत. टेबलात १० लाख बिलं आहेत, तारखेवर इंडेक्सही आहे. पण फंक्शन व्होलाटाइल असेल तर या अटीसाठी इंडेक्स वापरता येत नाही. प्रत्येक ओळ तपासताना फंक्शन पुन्हा चालतं. तेच स्टेबल केलं, की क्वेरी चालवण्याचा मार्ग, म्हणजे प्लॅन, ठरवणाऱ्या ऑप्टिमायझरला तारीख एकदाच काढून इंडेक्समधून थेट नव्या बिलांपर्यंत जाता येतं.

मग इम्युटेबलच का लिहू नये? कारण तेव्हा प्लॅन बनतानाच उत्तर काढून गोठवलं जातं. तो प्लॅन साठवून पुन्हा वापरला, तर नवं वर्ष लागल्यावरही जुनीच तारीख येऊ शकते.

आपण लावलेली नोंद खरी आहे का, याची खातरजमा पोस्टग्रेस करत नाही. म्हणून फंक्शनचा स्वभाव नीट तपासा आणि खरी ठरेल अशी सर्वांत कडक नोंद लावा: इम्युटेबल सर्वांत कडक, मग स्टेबल, मग व्होलाटाइल.