दुसरी किल्ली

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागतात, हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कळलं. एक मॅनेजरकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. एकट्याला तिजोरी उघडता येऊ नये, म्हणून ही व्यवस्था. शिवाय या दोन्हींच्या जोडीच्या किल्ल्या लाखेनं बंद केलेल्या पाकिटात घालून दुसऱ्या शाखेत ठेवायच्या. किल्ली हातातून हातात गेली की रजिस्टरवर सही झालीच पाहिजे. जानव्याला किल्ली बांधणारे एक साहेब मला लाभले होते. रजेवर जाताना ते ती अशी काही सोपवत, की वाटावं, कन्यादान चाललंय. पण त्या किल्लीपलीकडे बँकेची एकही वस्तू त्यांच्या घरी जात नसे. संध्याकाळी शटर पडलं की बँक बँकेत, आणि माणूस घरात.

ही भिंत पहिल्यांदा पडलेली मी पाहिली ती 2008 च्या सुमारास. आमच्या वरिष्ठ साहेबांच्या पट्ट्याला एक काळी डबी आली. तिच्यावर बारीक बारीक बटणं. ब्लॅकबेरी! कॅनडातल्या वॉटर्लू गावच्या ‘रिसर्च इन मोशन’ कंपनीनं 1999 मध्ये ती बाजारात आणली. बटणं फळातल्या बियांसारखी दिसतात म्हणून हे नाव. साहेब जेवायला बसले की ती ताटाशेजारी. लाल दिवा लुकलुकला की घास हातातच.

पण त्या डबीची चैन सोडा, तिचं कुलूप खरोखर चांगलं होतं. ऑफिसची ई-मेल ऑफिसच्याच यंत्रावर कुलूपबंद व्हायची आणि थेट साहेबांच्या हातात उघडायची. मधल्या प्रवासात ती कुणाला वाचता येत नसे. कंपन्यांच्या मेलची किल्ली आमच्याकडे नाहीच, असं खुद्द ब्लॅकबेरीवाले सांगत. 2010 मध्ये आपल्या सरकारनं त्यांना 31 ऑगस्टची मुदत दिली होती : आमच्या तपासयंत्रणांना वाचायची सोय करा, नाहीतर सेवा बंद. मुदत पुढे गेली, वाटाघाटी झाल्या, काही सेवांपुरती वाट निघाली. कंपन्यांच्या मेलबद्दल मात्र त्यांचं उत्तर तेच राहिलं. मला तेव्हा आमचे जानवेवाले साहेब आठवले. माझ्याकडे एकच किल्ली आहे, दुसरी मागू नका, हे तेही असंच ठणकावून सांगत. अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा 2008 मध्ये निवडून आल्यावर आपला ब्लॅकबेरी सोडायला तयार नव्हते. सुरक्षावाल्यांना शेवटी त्यांच्यापुरती वेगळी सोय करावी लागली.

एवढं भक्कम कुलूप असूनही दुकान बसलंच. 2007 मध्ये आयफोन आला, तेव्हा नुसत्या काचेवर टाइप कोण करणार, असं पुष्कळांना वाटलं. शिवाय कंपन्यांच्या मेलसाठी लागणारी सोय त्यात सुरुवातीला नव्हती. ती 2008 च्या जुलैमध्ये आली. त्याच वर्षी गूगलच्या अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन आला, आणि मग तर प्रत्येक खिशाला परवडेल असा फोन मिळू लागला. माणसं स्वतःच्या पैशानं घेतलेला फोन घेऊन ऑफिसात जाऊ लागली आणि म्हणू लागली, मेल यावर द्या. कंपन्यांनाही ते बरंच होतं. एका डबीचा खर्च वाचला ना! 2016 मध्ये ब्लॅकबेरीनं स्वतः फोन बनवणं थांबवलं आणि 2022 च्या 4 जानेवारीला जुन्या डब्यांची सेवाही बंद झाली.

फोन माणसाचा आणि मेल कंपनीची, अशी ही सोयरीक. किल्ली कोणाकडे, हा प्रश्न त्यात कुणी विचारला नाही. माझ्या मुलीनंही विचारला नाही.

ती पुण्यात एका कंपनीत होती. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. 2011 च्या दिवाळीत तिनं तिच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, स्वयंपाकघरात समोर बसवून फोनवर बोलतं केलं होतं. मेतकुटाचं प्रमाण. आईनं ते कधी कुणाला लिहून दिलं नव्हतं. ‘मूठ’ आणि ‘चिमूट’ यापलीकडे तिची मापं जात नसत, आणि मध्येच सासरच्या एखाद्या आत्याबाईंची उणीदुणीही निघत. वीस-बावीस मिनिटं झाली असतील. पुढच्या वर्षी आई गेली. 2013 मध्ये मुलीनं नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ती स्वारगेटला बसची वाट बघत होती, आणि हातातला फोन आपोआप बंद होऊन चालू झाला. दुकानातून नुकताच आणल्यासारखा कोरा. कंपनीनं आपली मेल पुसली होती, आणि मेलबरोबर सगळंच. तेव्हाच्या व्यवस्थेत मेल एवढीच वेगळी काढून पुसायची सोय बहुतेक फोनांत नव्हती. पुसायचं तर आख्खा फोन. कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायचं राहून गेलं होतं.

घरी आली तेव्हा तिच्याशी जे बोललो, त्याची मला आजही लाज वाटते. मी विचारलं, “मेल जोडताना काही अटी आल्या होत्या का?” आल्या होत्या. सगळा मजकूर पुसण्याचा अधिकार कंपनीला राहील, असं पडद्यावर लिहून आलं होतं. तिनं ‘मान्य’वर बोट ठेवलं होतं. “मग कंपनीचं कुठे चुकलं?” मी म्हणालो. “बदली झालेल्या माणसाकडे आम्ही किल्ली ठेवली असती का?”

“बाबा, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं आहात?” एवढंच म्हणून ती आत गेली.

अधिकारी म्हणून मी बरोबरच होतो. मेल परत घेण्याचा हक्क कंपनीचाच. पण आमच्या बँकेनं किल्ली परत घेताना कुणाच्या घरचं कपाट रिकामं केलं नव्हतं. हा फरक माझ्या लक्षात यायला एक रात्र लागली.

उलटही घडतं. 2015 मध्ये कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला गोळीबार झाला. हल्लेखोराकडचा एक आयफोन सरकारी खात्याचा होता, म्हणजे मालक खातंच. दुरून ताबा ठेवायची व्यवस्था त्या खात्यानं विकत घेतलेली होती, खर्च फोनमागे महिना 4 डॉलर. त्या फोनवर मात्र ती बसवलेलीच नव्हती. एफबीआय आणि ॲपल यांच्यात मग केवढं रण माजलं! शेवटी 2016 च्या मार्चमध्ये एफबीआयनं तिसऱ्याच कुणाकडून तो फोन उघडून घेतला.

आता व्यवस्था सुधारली आहे, हे मान्य केलं पाहिजे. अँड्रॉइडनं 2014 पासून आणि आयफोननं 2019 पासून ऑफिससाठी फोनमध्येच वेगळी खोली काढून द्यायची सोय केली. तशी रीतसर जोडणी केली असेल, तर कंपनी तेवढी खोली रिकामी करते, घराला हात लावत नाही. कुलपाची डागडुजी हा दुसरा भाग. 2015 मध्ये अँड्रॉइडमध्ये मोठं भगदाड सापडलं, तेव्हापासून गूगल दर महिन्याला दुरुस्त्या काढतं. पण त्या तुमच्या फोनपर्यंत पोचवणं फोन बनवणाऱ्याच्या हातात. गूगलनं 2023 मध्ये आणि सॅमसंगनं 2024 मध्ये आपल्या महागड्या फोनांना सात वर्षं दुरुस्त्या देऊ, असं जाहीर केलं. स्वस्त फोनांना त्या पुष्कळदा फार लवकर बंद होतात. फोन घेताना दुकानदाराला आपण कॅमेरा विचारतो. हेही विचारावं.

मेतकूट आम्ही अजून करतो. मुलगी करते, मी चव घेतो. जवळपास येतं.

परवा तिच्या नव्या ऑफिसचा निरोप आला : मेल फोनवर घ्यायची असेल तर अमुक अटी. तिनं चष्मा माझ्याकडे सरकवला. आम्ही दोघांनी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. पाऊण तास लागला, चहा दोनदा झाला. एका कलमापाशी मी थांबलो आणि ते तिला पुन्हा मोठ्यानं वाचून दाखवायला लावलं. कार्यालयीन भाग सोडून अन्य मजकुरास हात लावला जाणार नाही, असं त्यात होतं. मग तिनं आधी सगळे फोटो घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतले, आणि त्यानंतर बोट ठेवलं.