रोप मान का टाकते?

रोपवाटिकेतून आणलेले वांग्याचे किंवा मिरचीचे तजेलदार रोप परसबागेत लावल्यानंतर दुसऱ्याच दुपारी मान टाकते आणि त्याचे कारण बहुधा ‘जमीन मानवली नाही’ असे सांगितले जाते. वास्तविक हा दोष जमिनीचा नसतो. रोप उपटताना मुळांची कोवळी टोके मातीतच तुटून राहतात, आणि पाणी शोषण्याचे काम मुख्यतः या टोकांच्या जरा मागे उगवणारे मूलरोम, म्हणजे मुळाच्या बाहेरच्या पेशींतून फुटलेले अतिसूक्ष्म तंतू, करीत असतात. पानांवरील पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडणे, म्हणजेच बाष्पोत्सर्जन, मात्र पूर्वीच्याच वेगाने चालू राहते, त्यामुळे नवे मूलरोम फुटेपर्यंत रोपाच्या पाण्याचा जमाखर्च तुटीत जातो.

डोळ्यांना सहजी न दिसणाऱ्या या तंतूंचे माप घेण्याचे अचाट काम हॉवर्ड डिटमर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने केले. सुमारे 30 सेंटिमीटर लांब-रुंद आणि 56 सेंटिमीटर खोल अशा लाकडी पेटीत त्याने राय या गव्हाच्या जातकुळीतल्या धान्याचे एकच रोप चार महिने वाढवले, माती धुऊन काढली आणि मोजलेल्या नमुन्यांवरून संपूर्ण मूळसंस्थेचा हिशेब मांडला. 1937 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या हिशेबानुसार मुळांची एकूण लांबी सुमारे 620 किलोमीटर भरली, तर मूलरोमांची संख्या 1400 कोटींच्या आसपास आणि त्यांची लांबी 10,000 किलोमीटरांहून अधिक निघाली. याचा अर्थ, एका रोपाने दररोज सरासरी 5 किलोमीटर नवे मूळ घातले होते! वनस्पतिशास्त्रातील इतका चिकाटीचा प्रयोग क्वचितच सापडेल, आणि रोप लावणाऱ्या प्रत्येकाला त्यातून धीर मिळावा, कारण तुटलेले मूळ भरून काढण्याची वनस्पतीची क्षमता प्रचंड असते. तिला हवा असतो तो केवळ काही दिवसांचा अवधी.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत हा अवधी मिळवून देण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपे, उपटून बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, रोवणी करताना मुळे तुटतातच, परंतु बांधीत साचलेल्या पाण्यामुळे उरलेल्या मुळांनाही पुरेसे पाणी मिळते. हीच रीत भाजीच्या रोपांना लावली की मात्र घात होतो. धानाच्या खोडात व मुळांत हवा खाली पोहोचवणाऱ्या पोकळ्यांची ऊती असते. वांगी, टोमॅटो आणि मिरची यांच्यात तशी सोय नसल्याने साचलेल्या पाण्यात त्यांची मुळे प्राणवायूअभावी गुदमरतात आणि पाण्यात उभे असलेले रोप तहानेने सुकते.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याच्या परिसरात, वर्धा नदीच्या खोऱ्यातील कापसाच्या काळ्या जमिनीत, ही अडचण अधिक तीव्र होते. या मातीतील चिकणखनिजे पाण्याने फुगतात आणि वाळताना आकसतात, त्यामुळे पावसाळ्यात पाणी मुरत नाही, तर उन्हात पडणाऱ्या भेगा नव्याने फुटलेली मुळे तोडतात. यासाठी चांगले कुजलेले शेणखत मिसळलेला उंच गादीवाफा आणि त्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन एवढी तयारी येथे अपरिहार्य मानावी.

बाजारात मात्र रोपांसाठी ‘टॉनिक’ म्हणून बाटल्या विकल्या जातात आणि त्यांमागील एका दाव्याचा इतिहास उद्बोधक आहे. जीवनसत्त्व ब-1 दिल्यास वाटाण्याची, रोपापासून अलग केलेली मुळे प्रयोगशाळेतील द्रावणात वाढतात, असे जेम्स बॉनर यांनी कॅलिफोर्नियात 1930 च्या दशकात दाखवले होते. त्यावरून हे जीवनसत्त्व रोपांवरील रामबाण उपाय म्हणून खपू लागले. परंतु अखंड वनस्पती हे जीवनसत्त्व स्वतःच्या पानांत तयार करून मुळांना पुरवते, त्यामुळे वरून दिल्याने काही साधत नाही, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले आणि खुद्द बॉनर यांनीही तसे सांगितले. त्यांचा हा प्रामाणिकपणा मूळ शोधाइतकाच मोलाचा आहे. दुर्दैवाने जाहिरातींनी शोध तेवढा उचलला.

मग प्रभावी उपाय कोणते? लागवडीपूर्वी आठवडाभर पाणी थोडे कमी करून आणि ऊन हळूहळू वाढवून रोपे कणखर करावीत, लागवड संध्याकाळी करावी, म्हणजे पर्णरंध्रे मिटलेली असताना मुळांना रात्र मिळते, आणि तीन-चार दिवसांनी आंबवणीचे हलके पाणी द्यावे. प्रो-ट्रेमधील रोप कोकोपीटच्या गड्ड्यासह निघत असल्याने त्याची मुळे फारशी दुखावत नाहीत. टोमॅटोच्या खोडाला मातीखाली नवी मुळे फुटतात, म्हणून ते रोप काहीसे खोल लावावे. काकडी, कारले, दोडके यांना मुळांची हलवाहलव सोसत नसल्याने त्यांचे बी जागेवरच टोकावे किंवा रोप पिशवीत वाढवावे; मुळा आणि गाजर यांची तर रोपे करूच नयेत, कारण मुख्य मूळ दुखावले की ते फाटे फोडते.

पहिल्यांदाच परसबाग करणाऱ्यांनी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ निवडावा. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि टोमॅटोची फळधारणा 35 अंशांच्या पुढेच मंदावू लागते, म्हणून फेब्रुवारीनंतर लावलेले रोप जगले तरी त्याला फळे फारशी धरत नाहीत.