नेमीची वनदेवता

रोमच्या आग्नेयेस सुमारें ३० किलोमीटरांवर आल्बन डोंगरांत नेमी नांवाचें एक पुरातन गांव आहे. एका मृत ज्वालामुखीच्या मुखांत पाणी सांचून सरोवर झालें असून, त्याच्या कड्यावर हें गांव वसलेलें आहे. त्या सरोवरास रोमन लोक ‘डायानाचा आरसा’ म्हणत.

लॅटिन भाषेंत ‘नेमुस’ म्हणजे राई. गांवाचें नांव त्याच शब्दावरून पडलें. कारण सरोवराच्या उत्तर तीरावर डायानादेवीची पवित्र राई होती. कोंकणांतील देवराया ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस तिची कल्पना सहज येईल. डायाना ही रानाची, वन्य पशूंची व मृगयेची देवता. परंतु सुखरूप प्रसूतीसाठींहि स्त्रिया तिला नवस करीत. तेथील उत्खननांत नवसाच्या मातीच्या मूर्ति पुष्कळ सांपडल्या आहेत. नवस फळास आला म्हणजे स्त्रिया पेटत्या मशाली घेऊन रोमहून येथें येत, असें ओव्हिड कवि सांगतो. ऑगस्टची १३ तारीख हा देवीचा दिवस. त्या दिवशीं रोममध्यें गुलामांना सुट्टी असे.

अशा दयाळू देवतेच्या पुजाऱ्याची हकीकत मात्र अंगावर शहारे आणणारी आहे. त्यास ‘राईचा राजा’ म्हणत. हें पद पळून आलेल्या गुलामासच मिळे. त्यानें राईंतील एका विशिष्ट वृक्षाची फांदी तोडली, म्हणजे पुजाऱ्याशीं द्वंद्व करण्याचा हक्क त्यास प्राप्त होई. आणि पुजाऱ्यास ठार केल्यावर तो स्वतः पुजारी होई. स्ट्रेबो लिहितो कीं, हा पुजारी सदैव उपसलेली तलवार हातीं धरून चोहोंकडे पाहत असे. एक पुजारी फार वर्षें टिकला, म्हणून बादशहा कॅलिग्युलानें त्याच्यावर अधिक बलवान प्रतिस्पर्धी पाठविला, असेंहि सुएटोनिअसनें नमूद केलें आहे.

जेम्स फ्रेझर यांनीं १८९० सालच्या ‘द गोल्डन बाउ’ या ग्रंथांत या चालीचा उलगडा करण्याचा प्रयत्न केला. पुजारी म्हणजे वनाच्या जीवनशक्तीचें मूर्त रूप; तो दुर्बळ झाल्यास वनहि सुकेल, म्हणून सबळानें त्याची जागा घ्यावी, असें त्यांचें मत. पुढील विद्वानांस तें फारसें पटलें नाहीं.

उपपत्ति कोणतीहि असो, एक गोष्ट उघड आहे. मालकापासून पळालेल्या गुलामास त्या राईंत आसरा मिळे. पण तो दुसऱ्या गुलामाचे प्राण घेऊनच, आणि तिसऱ्याची वाट पाहत. आज तेथें देवालयाचे भग्नावशेष उरले आहेत. जेथें माणसास माणूस विकला जातो, तेथें देवतेची दयाहि अपुरी पडते, हेंच ते सांगतात.